बाथचे रोमन स्नानगृह : पाणी आणि समता

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस बाथ नावाचे नगर आहे. रोमन लोक त्यास ‘अक्वे सुलिस’, म्हणजे सुलिस देवतेचे जलस्थान, म्हणत. इ. स. ६० ते ७० च्या सुमारास तेथे मंदिर व स्नानगृह यांची उभारणी सुरू झाली. रोमन सत्ता संपल्यावर ही वास्तू गाळात गाडली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खननाने मुख्य कुंड पुन्हा उजेडात आले.

आजच्या रस्त्याच्या पातळीखाली उतरले की हे कुंड दिसते. सुमारे ४६ अंश सेल्सिअस उष्णतेच्या झऱ्यातून दररोज ११ लाखांहून अधिक लिटर पाणी येते. कुंडाची खोली १.६ मीटर असून तळाशी शिशाचे पत्रे आहेत. शेजारच्या दालनांची जमीन विटांच्या लहान खांबांवर तोललेली होती. भट्टीची ऊब तिच्याखालून खेळत असे.

झऱ्यात शिशाच्या सुमारे १३० शापपट्टिका सापडल्या. स्नानाच्या वेळी वस्त्रे वा नाणी चोरीस गेलेल्यांनी चोरास शिक्षा व्हावी म्हणून त्या देवतेस वाहिल्या. चोर अज्ञात असल्याने ‘तो दास असो वा स्वतंत्र’ अशा आशयाचे शब्द त्यांत येतात. दास व स्वतंत्र एकाच ठिकाणी वावरत होते, परंतु तो भेद कोणी विसरत नव्हते. रोमन जगात स्नानगृहांच्या भट्ट्या पेटत्या ठेवण्याचे कष्टही बहुधा दासांच्याच वाट्यास येत.

या संदर्भात विनयपिटकातील जंताघराचे, म्हणजे उष्ण स्नानगृहाचे, स्मरण होते. भिक्खूंच्या आरोग्यासाठी जीवक वैद्याने ते सुचविले आणि भगवान बुद्धांनी त्यास अनुमती दिली, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. तेथे शिष्याने उपाध्यायाची सेवा करावयाची. शिष्य आजारी पडल्यास उपाध्यायानेही त्याची तीच सेवा करावयाची. सेवा परस्परांची, हे त्यामागील तत्त्व होय.

बाथच्या कुंडातील पाण्यास आज हात लावू नये, अशी सूचना आहे. पाणी शुद्ध केलेले नसल्याने ती सर्वांस सारखीच लागू आहे. महाडच्या चवदार तळ्यावरील बंदी मात्र जन्मावरून होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह ते पाणी प्राशन केले, ते माणुसकीच्या समान हक्कासाठी. आरोग्यासाठी घातलेला नियम आणि अपमानासाठी घातलेली बंदी यांतील अंतर बाथच्या काठावर उभे राहिले असता स्पष्ट होते. प्राचीन वास्तू पाहताना तिच्या भव्यतेबरोबरच तेथे पाणी कोणासाठी होते आणि श्रम कोणाचे होते, हेही विचारणे आपले कर्तव्य आहे.