विश्लेषण : प्रायमरी की आणि क्लस्टर्ड इंडेक्स एकच का नव्हेत?

मोबाइलवर बँकेचे स्टेटमेंट मागितले की कधी क्षणात दिसते, कधी चक्र फिरतच राहते. दोष दर वेळी नेटवर्कचा नसतो. डेटाबेसमध्ये नोंदी कोणत्या क्रमाने ठेवल्या आहेत, यावरही ते अवलंबून असते. आणि अनेकदा हा क्रम कोणी विचार करून ठरवलेलाच नसतो.

दोन इंडेक्समध्ये फरक काय?

शब्दकोशात शब्दच अकारविल्हे लावलेले असतात. शब्द सापडला की अर्थही तिथेच. क्लस्टर्ड इंडेक्स तसा असतो. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत मात्र फक्त पान क्रमांक मिळतो, मजकुरासाठी पाने उलटावी लागतात. हा झाला नॉनक्लस्टर्ड. ‘एसक्यूएल सर्व्हर’मध्ये एका टेबलावर असे ९९९ पर्यंत करता येतात. क्लस्टर्ड एकच, कारण नोंदी एकाच वेळी दोन क्रमांनी लावता येत नाहीत.

गल्लत कुठे होते?

प्रायमरी कीचे काम नोंदीची ओळख पटवणे. क्रम लावणे हे निराळे काम. पण एसक्यूएल सर्व्हरला वेगळे काही सांगितले नाही, तर तो प्रायमरी कीवरच क्लस्टर्ड इंडेक्स बांधतो. उपलब्ध असलेली एकमेव जागा अशी न विचारता भरली जाते.

की म्हणजे चढत जाणारा चार बाइटचा क्रमांक असेल, तर सहसा बिघडत नाही. नवी नोंद शेवटी जाते. १६ बाइटचा यादृच्छिक ‘जीयूआयडी’ असेल, तर नोंद मध्येच कुठेही घुसते आणि ८ केबीचे भरलेले पान फोडून दोन करावे लागतात. शिवाय क्लस्टर्ड की प्रत्येक नॉनक्लस्टर्ड इंडेक्समध्ये उतरते. ती जाड, तर सगळेच जाड.

मग निवड कशी करावी?

‘या खात्याचे, या तारखांमधले व्यवहार’ अशीच मागणी सतत येत असेल, तर खाते क्रमांक आणि तारखेवर क्लस्टर्ड इंडेक्स ठेवावा, प्रायमरी की नॉनक्लस्टर्ड करावी. अर्थात इथेही नव्या नोंदी मध्ये घुसतातच. वाचन लिखाणापेक्षा बरेच जास्त असेल तरच हे परवडते.

‘मायएसक्यूएल’च्या इनोडीबीत ही मोकळीक नाही, प्रायमरी की हीच तिथे क्लस्टर्ड. ‘पोस्टग्रेस’ची तऱ्हा उलटी : ‘क्लस्टर’ आज्ञेने नोंदी एकदा क्रमाने लागतात, पुढच्या नोंदींना तो क्रम बांधील नसतो.

निर्णय टेबल लहान असतानाच घेतलेला बरा. कोट्यवधी नोंदी साठल्यावर क्लस्टर्ड की बदलायची, तर अख्ख्या टेबलाची फेरमांडणी होते आणि त्यावरचे नॉनक्लस्टर्ड इंडेक्सही नव्याने बांधावे लागतात.