दवाखान्याची वाट: रूळ की बस?

कुत्रा चावला की रेबीजच्या लसीचे वेळापत्रक ठरलेले असते. कातडीत द्यायच्या लसीच्या मात्रा पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि शेवटी २८ व्या दिवशी. जखम खोल असेल तर पहिल्याच दिवशी जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते. पहिल्या दिवशी घरातली चार माणसे रिक्षा करून सोबत येतात. तिसऱ्या दिवशी आई येते. सातव्या दिवशी पोराला शेजाऱ्याच्या गाडीवर बसवून पाठवले जाते. २८ व्या दिवशी जखम भरलेली असते, पोरगा गल्लीत खेळत असतो आणि आईला कामावर खाडा करायचा नसतो. मिटमिटा किंवा पडेगावहून घाटी रुग्णालयापर्यंत जायचे म्हणजे जाण्या-येण्याचे भाडे आणि अर्ध्या दिवसाची मजुरी. शेवटची सुई राहून जाते ती इथे. वैद्यकाच्या भाषेत याला ‘पाठपुराव्यातून गळालेला रुग्ण’ म्हणतात. आईला विचारले तर ती म्हणेल, गाडीच मिळाली नाही.

शहराच्या वाहतुकीची चर्चा निघते तेव्हा हा मुलगा त्यात नसतो. चर्चा असते मेट्रोची, उड्डाणपुलाची, रेल्वेच्या दुसऱ्या रुळाची. छावणी, भावसिंगपुरा, नंदनवन कॉलनी, पडेगाव, मिटमिटा हा छत्रपती संभाजीनगरचा पश्चिमेकडचा पट्टा त्या चर्चेत फारसा येत नाही. आला तर ‘वाळूजला जाताना मध्ये लागणारा भाग’ म्हणून येतो. त्यात छावणीचा कारभार निराळा. हा भाग महापालिकेच्या नव्हे, संरक्षण खात्याच्या अखत्यारीतल्या छावणी परिषदेच्या हद्दीत. नगर नाक्यावरून एक रस्ता वाळूजच्या कारखान्यांकडे जातो, दुसरा दौलताबाद-वेरूळकडे. दिवसभर या नाक्यावर कामगार, विद्यार्थी, पर्यटक आणि गुरुवारी बाजाराची गर्दी. तिथेच एखादी बाई कडेवर तापलेले मूल घेऊन काळी-पिवळी भरायची वाट पाहत उभी असते, कारण गाडी भरल्याशिवाय निघत नाही.

आता प्रस्तावांकडे पाहू. काही वर्षांपूर्वी महामेट्रोने या शहरासाठी जो आराखडा केला, त्यात वाळूज ते शेंद्रा असा मुख्य मार्ग होता. वाळूजहून गोलवाडी, नगर नाका, मग जालना रोड धरून पूर्वेला चिकलठाणा आणि शेंद्रा. म्हणजे छावणी या मार्गावरच येते. लोकांनी ऐकले ‘मेट्रो’ आणि डोळ्यांसमोर आली पुण्या-नागपूरची गाडी. पण प्रस्ताव ‘मेट्रो निओ’चा होता. निओला रूळ नसतात. रबरी टायरांचे, वरच्या तारेतून वीज घेणारे लांबलचक जोडडबे स्वतःच्या राखीव वाटेवरून धावतात. केंद्र सरकारने २०२० मध्ये या प्रकाराचे निकष ठरवले ते मध्यम शहरांसाठी, जिथे गर्दीच्या तासाला एका दिशेने सुमारे आठ हजारांपर्यंत प्रवासी असतील. सरळ सांगायचे तर निओ ही विजेवर चालणारी, लांब, मोकळी वाट मिळालेली बस आहे. तेव्हा या शहरात ‘रेल्वे की बस’ असा वाद घालणारे दोन्ही पक्ष बऱ्याचदा बसबद्दलच भांडत असतात. एकाची बस पुलावर आहे, दुसऱ्याची खाली रिक्षांच्या गर्दीत.

नाशिकचा दाखला शेजारीच आहे. निओची पहिली कल्पना त्या शहरासाठी निघाली, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली आणि पुढे कित्येक वर्षे बांधकामाला सुरुवातच झाली नाही. मोठे प्रकल्प लांबतात, यात नवल नाही. आजारी माणसाचे मात्र तसे नसते. गर्भ नऊ महिन्यांपलीकडे थांबत नाही.

बसच्या बाजूचा दोषही तितकाच मोठा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये ‘माझी स्मार्ट बस’ सुरू झाली तेव्हा शंभर बसगाड्या घेतल्या गेल्या. लाखामागे ४० ते ६० बस असाव्यात असे शहरी वाहतुकीचे केंद्रीय मापदंड सांगतात. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या होती ११ लाख ७५ हजार. जुन्या जनगणनेच्या हिशेबानेही पावणेपाचशे बस हव्यात, आणि शंभर म्हणजे लाखामागे जेमतेम साडेआठ. त्यातल्या काही दुरुस्तीला, काही जालना रोडवर, काही वाळूजच्या शिफ्टसाठी. पडेगाव-मिटमिट्याच्या वाट्याला काय उरत असेल, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बस आहे की नाही, यापेक्षा ती किती वेळाने आहे हा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. थोडे गणित करून पाहा. तासाला तीन बस, दर वीस मिनिटांनी एक, अशा नेमाने आल्या तर अवचित थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. त्याच तीन बस एकापाठोपाठ पाच-पाच मिनिटांनी आल्या आणि मग पन्नास मिनिटे काहीच नाही, तर सरासरी वाट एकवीस मिनिटांवर जाते. गाड्या तितक्याच, डिझेल तितकेच, चालकांचा पगार तितकाच, आणि वाट पाहणे दुपटीहून जास्त. कागदावर मात्र दोन्हीकडे ‘तासाला तीन फेऱ्या’ असेच लिहिलेले असते. गर्दीत अडकलेल्या बस अशाच जोडीजोडीने येतात: पुढची बस उशिरा येते, तिच्यासाठी थांब्यावर जास्त माणसे साठतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो आणि मागची रिकामी बस तिला गाठते. राखीव वाटेचा खरा फायदा वेगापेक्षा या नेमात आहे. रूळवाद्यांचा हा मुद्दा मान्यच करायला हवा.

या नेमाशी सर्वांत घट्ट बांधलेला रुग्ण म्हणजे डायलिसिसचा. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास, आणि हे आयुष्यभर किंवा मूत्रपिंड मिळेपर्यंत. गरीब रुग्णांना जिल्हा पातळीवर डायलिसिस मोफत मिळावे म्हणून २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पण आठवड्याला तीन म्हटले तर वर्षाला दीडशेच्या वर फेऱ्या होतात आणि त्यांचे भाडे खिशातूनच जाते. जाताना एक वेळ ठीक. परतताना अंगातले दोन-तीन लिटर पाणी काढलेले असते, रक्तदाब उतरलेला असतो, उभे राहिले की गरगरते. अशा माणसाला मुलाच्या दुचाकीवर मागे बसवून लोखंडी पुलावरून, नगर नाक्यावरून नेले जाते. कधी मध्ये ओढणीने बांधून. हे दृश्य डॉक्टरला ओपीडीतून दिसत नाही. फाटकाबाहेर थांबले तर दिसते. सांधा चुकला की दोन दिवसांत पाणी छातीत साठते आणि तोच माणूस रात्री धापा टाकत अपघात विभागात येतो. एका चुकलेल्या बसची किंमत इतकी होऊ शकते.

गरोदर बायांच्या तपासणीचे तसेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, जोखमीच्या गरोदरपणाची नोंद तिथे होते. रक्तदाब वाढलेल्या बाईला ‘आठ दिवसांनी परत ये’ म्हणणे सोपे. परत येणे तिच्या एकटीच्या हातात नसते. तिला कोण आणणार, हे सासू ठरवते, नवरा ठरवतो, आणि बसचा भरवसा असेल तर तीच ठरवते. हा शेवटचा पर्याय कोणत्याही प्रकल्प अहवालात ‘लाभ’ म्हणून मोजलेला सापडणार नाही.

मग रुळांचे काय? मनमाडहून हैदराबादकडे जाणारी जुनी निजामकालीन लाइन छावणीच्या दक्षिणेकडून शहरात शिरते. दौलताबाद, मग मुख्य स्टेशन, मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड आणि पुढे जालना. ‘या लाइनवर लोकल चालवा’ ही सूचना अधूनमधून होते आणि ती वेडगळ नाही. लासूर, रोटेगाव, बदनापूर, जालना इथून उपचारांसाठी येणाऱ्यांना रेल्वेसारखे स्वस्त आणि न हादरवणारे वाहन दुसरे नाही. पायाला प्लास्टर असलेल्याला जीपमध्ये कोंबण्यापेक्षा रेल्वेचा बाक शतपटीने बरा. पण एकेरी मार्गावर लांब पल्ल्याच्या गाड्यांना आणि मालगाड्यांना वाट देत देत लोकल धावणार म्हणजे ती दिवसातून मोजक्या वेळा येणार. हैदराबादेत २००३ मध्ये एमएमटीएस सुरू झाली ती अशीच असलेल्या रुळांवर. तिकीट स्वस्त, डबे चांगले, पण रूळ इतर गाड्यांबरोबर वाटून घ्यावे लागत असल्याने दोन गाड्यांमधले अंतर कायमचे दुखणे होऊन बसले. दुहेरीकरणाने इथे फरक पडेल. तरीही स्टेशनापासून घाटीपर्यंतचे आणि छावणीपासून स्टेशनापर्यंतचे अंतर राहतेच, आणि ते कापायला पुन्हा बसच लागते.

उंचावरच्या मार्गाचा एक वैद्यकीय पैलू सहसा कुणी काढत नाही. पुलावरचे स्थानक म्हणजे दोन मजल्यांएवढा चढ. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास भार येतो. उतरताना तो आणखी जाणवतो. लिफ्ट चालू असेल तर ठीक. सरकारी इमारतीतल्या लिफ्टवर किती भरवसा ठेवायचा, हे वाचकांना अनुभवाने ठाऊक आहे. बसचीही बाजू इथे फार उजळ नाही. जुन्या धाटणीच्या बसची जमीन रस्त्यापासून ९०० मिलिमीटरवर असते, लो-फ्लोअर बसची ४०० वर. साठीतल्या बाईला पहिल्या बसमध्ये चढायला वाहकाने हात द्यावा लागतो, दुसरीत ती स्वतः चढते. नव्या गाड्या घेताना रंग आणि वातानुकूलनाआधी हा आकडा विचारला पाहिजे.

बस आणि हृदय यांचे नाते वैद्यकशास्त्राला जुने आहे. १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत, रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला, आणि झालाच तर तो कमी घातक असे. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध दाखवणारा हा पहिल्या मोठ्या पुराव्यांपैकी एक. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्या पाहणीत दिसले की सार्वजनिक वाहनाने जाणारे लोक थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून मिळून रोज १९ मिनिटे चालतात. आठवड्याला दीडशे मिनिटांच्या शिफारशीतला मोठा वाटा फुकटात पदरात पडतो. अर्थात हे चालणे फूटपाथ असेल तर. नगर नाक्यापुढे ट्रकच्या शेजारून, कडेच्या मातीतून चालण्याला व्यायाम म्हणणे म्हणजे थट्टा. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची आणि साधारण वीस टक्के पायी चालणारी. भरवशाची बस नसली की माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो आणि या पहिल्या गटात जाऊन बसतो. हवेचेही तेच. हे शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे, आणि डिझेलचा धूर २०१२ पासून कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. तो सर्वांत जास्त कुणाच्या फुप्फुसात जातो? थांब्यावर अर्धा तास उभ्या असलेल्याच्या. विजेची बस आली तरी तासाने येणार असेल, तर तो धूर चुकत नाही.

पश्चिमेच्या पट्ट्याची एक खास अडचण खाम नदीची आहे. छावणी-भावसिंगपुऱ्याकडून घाटीला थेट यायचे तर वाटेत खामवरचे जुने पूल आणि त्यांना चिकटून उभे असलेले बारापुल्ला, महमूद, मकाई हे दरवाजे येतात. ते मोगलकालीन वारसा आहेत, पाडायचे नाहीत, आणि त्यांच्या कमानीतून बारा मीटरची बस न्यायची नाही. मोठी बस वळसा घालते आणि रुग्ण तो वळसा टाळायला रिक्षा करतो. मात्र सात-नऊ मीटरच्या लहान गाड्या अशा ठिकाणीच कामाला येतात. त्यासाठी पूल बांधावा लागत नाही, जमीन घ्यावी लागत नाही. महापालिका, छावणी परिषद आणि वाहतूक पोलीस यांना एका टेबलाशी बसावे लागते, आणि ते पूल बांधण्याहून अवघड असावे असे दिसते.

निओ झाली तर वाळूजच्या कामगारांचे भले होईल, तिला विरोध करण्याचे कारण नाही. तिची वाट पाहताना मधली वर्षे कशी काढायची, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर वेळापत्रकात आहे. सरकारी रुग्णालयात सकाळी केसपेपरची रांग लागते. मिटमिट्याहून साडेसातला सुटून पडेगाव, नगर नाका, छावणी करत साडेआठच्या आत घाटीच्या फाटकाशी पोचणारी एक बस, ओपीडी संपल्यावर एक-दीडला परत फिरणारी दुसरी, आणि डायलिसिसच्या दुपारच्या पाळीनंतर संध्याकाळी सहाच्या सुमारास तिसरी. या तीन फेऱ्या रोज, त्याच वेळी, पावसातही. २८ व्या दिवशीच्या सुईला आईला निदान कुणाची गाडी मागावी लागणार नाही.