ब्रेक लागलाच नाही

गेल्या श्रावणातील एका सकाळची ही हकिकत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नाशिकच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढत होते. वय 77, गाडी चालवण्याचा अनुभव जवळजवळ 50 वर्षांचा. मान वळवून त्यांनी गाडी मागे घेतली, थांबवली, पुन्हा पुढे काढली, आणि ती एकाएकी उसळून समोरच्या आवारभिंतीवर आदळली. दोन कुंड्या फुटल्या, बॉनेट चेपले. अण्णांना इजा झाली नाही. त्या भिंतीपाशी रोज सकाळी चार-पाच मुले शाळेच्या बसची वाट पाहत उभी असतात. त्या दिवशी बस दहा मिनिटांपूर्वी येऊन गेली होती.

"मी ब्रेकच दाबला होता. ब्रेक लागलाच नाही," अण्णा म्हणाले, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले.

गॅरेजमध्ये गाडी तपासून घेतली. ब्रेकमध्ये कोणताही दोष आढळला नाही. धाकट्या भावाने त्याच संध्याकाळी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त दोन दिवस चहाला बाहेरच्या खोलीत आले नाहीत. त्या दिवसांत मी जे वाचले, डॉक्टरांना जे विचारले आणि पुढे घरात जे ठरले, ते आपल्यापुढे मांडावेसे वाटते. आपल्यापैकी काहींच्या घरी असा प्रसंग येऊन गेला असेल. काही वाचक तर स्वतःच अण्णांच्या जागी बसलेले असतील.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की अण्णा खोटे बोलत नव्हते.

1986 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील 'सिक्स्टी मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ऑडी 5000 या मोटारीविषयी एक वृत्तांत दाखवण्यात आला. ब्रेकवर पाय असतानाही गाडी आपोआप सुसाट सुटते, अशी अनेक चालकांची तक्रार होती. खूप गदारोळ झाला, गाडीचा खप कोसळला. पुढे अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने सखोल चौकशी केली आणि 1989 साली निष्कर्ष जाहीर केला: अशा बहुतेक घटनांत पाय ब्रेकवर नव्हताच, तो ॲक्सिलरेटरवर होता. चालक मात्र शपथेवर सांगत होते, की आम्ही ब्रेकच दाबला.

हे कसे घडते ते समजून घेण्याजोगे आहे. गाडी चालवताना आपण पायांकडे पाहत नाही. मेंदू "ब्रेक दाब" अशी आज्ञा देतो आणि ती पाळली गेली असे गृहीत धरून पुढच्या कामाला लागतो. मागे पाहण्यासाठी कंबर आणि मान वळलेली असते, त्यामुळे टाच किंचित सरकते आणि पाऊल चार बोटे उजवीकडे पडते. गाडी उसळते. घाबरलेला माणूस आणखी जोराने दाबतो, कारण त्याच्या लेखी तो ब्रेकच असतो. हे तरुणांकडूनही होते. फरक एवढाच, की चूक ओळखून पाय उचलायला तरुणाला जेवढा वेळ लागतो त्याहून अधिक वेळ वृद्धाला लागतो, आणि पार्किंगमध्ये तेवढा वेळ कोणाजवळ नसतो. एरवीच्या रस्त्यावरही हे गणित कठोरच आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे आठ मीटर पुढे जाते.

आमच्या घरात आणखी एक गोष्ट घडली होती, तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. गुडघे दुखतात म्हणून वर्षभरापूर्वी आम्हीच हौसेने अण्णांना ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली होती. क्लच नाही, गिअर बदलण्याची खटपट नाही. वयस्करांना सोयीची गाडी असे सगळेच म्हणतात, आणि गुडघ्यांपुरते ते खरेही आहे. परंतु प्रीमियर पद्मिनीपासून ज्यांचे पाय घडले आहेत, त्यांची थांबण्याची सवय दोन्ही पायांची असते. गाडी अनावर झाली की डावा पाय आपसूक क्लच दाबतो आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. उजवा पाय चुकला तरी इंजिन नुसते ओरडते. ऑटोमॅटिकमध्ये ही दुसरी राखण राहत नाही. म्हणून सत्तरीनंतर अशी गाडी घेणार असाल तर पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात, सोबत कोणाला तरी बसवून सराव करा. उजवी टाच ब्रेकच्या रेषेत टेकवून ठेवा आणि ॲक्सिलरेटरसाठी केवळ चवडा वळवा. डावा पाय बाजूला स्वस्थ असू द्या. सैल चप्पल घालून गाडीत बसू नका. हे सारे आम्ही आधी वाचले असते तर बरे झाले असते.

जपानमध्ये ही चूक एका दिवसात राष्ट्रीय प्रश्न बनली. 19 एप्रिल 2019 रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या एका चालकाच्या गाडीखाली 31 वर्षांची आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाल्या. गाडीत बिघाड होता, असे त्या गृहस्थांचे न्यायालयातील म्हणणे होते. पाय चुकीच्या पेडलवर पडला, असे न्यायालयाने ठरवले आणि 2021 मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. त्या घटनेच्या वर्षी जपानमध्ये सहा लाखांहून अधिक लोकांनी आपला परवाना स्वेच्छेने परत केला. तिथे परवाना परत करणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. आजवर गाडी चालवल्याचे एक प्रमाणपत्र मिळते. ते ओळखपत्र म्हणून चालते आणि अनेक ठिकाणी बस-टॅक्सीत सवलतही मिळवून देते. मला यातील सवलतीपेक्षा प्रमाणपत्राची कल्पना अधिक शहाणपणाची वाटते. किल्ली काढून घेताना माणसाच्या पन्नास वर्षांची कोणीतरी नोंद घेतली पाहिजे. माझ्या भावाने ती घेतली नव्हती, आणि मीही नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. निमित्त मधुमेहाच्या तपासणीचे होते. अण्णांना मधुमेह होऊन वीस वर्षे झाली आहेत. पार्किंगची गोष्ट ऐकल्यावर डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा बाजूला ठेवला आणि अण्णांना मोजे काढायला सांगितले. डोळे मिटायला लावून त्यांनी नायलॉनचा एक बारीक धागा तळव्यावर निरनिराळ्या जागी टेकवला आणि "लागला की सांगा" म्हटले. डाव्या पायाच्या वेळी अण्णा बहुतेकदा "हो" म्हणाले. उजव्या पायाच्या वेळी मी डॉक्टरांच्या हाताकडे पाहत होते. धागा अंगठ्याखाली टेकला, चवड्यावर टेकला, वाकला. अण्णा डोळे मिटून शांतपणे वाट पाहत होते.

दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंना इजा होते आणि संवेदना हळूहळू मावळते, हे आपण जाणता. जखमा समजत नाहीत म्हणून पाय जपा, हेही आपल्याला वारंवार सांगितले जाते. पण पायाखाली कोणते पेडल आहे आणि त्यावर किती भार पडतो आहे, हेही त्याच संवेदनेने कळते. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कोणाच्या मनात आली नव्हती. आपल्याला मधुमेह असेल, पायांना मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटल्याचे कळत नसेल, तर पुढच्या भेटीत ही तपासणी मागून घ्या आणि "मी गाडी चालवतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते विचारतीलच असे नाही.

औषधांची यादीही त्यांच्यासमोर ठेवावी. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-ॲलर्जीवरील काही गोळ्या यांची गुंगी दुसऱ्या दिवशीही रेंगाळू शकते. प्रोस्टेटच्या काही औषधांनी उठता-बसता चक्कर येते. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ टळलेली असताना गाडी काढूच नये.

डोळ्यांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल. कारण "मला सगळे स्वच्छ दिसते" हे वाक्य दिवसाउजेडी खरे असते आणि रात्री खोटे ठरू शकते. वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होत जाते. साठीच्या डोळ्यातील दृष्टिपटलापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश असतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरून येणारा प्रकाश भिंगात विखुरतो, आणि डोळ्यांपुढे काही क्षण पांढरा पडदा उभा राहतो. हल्लीच्या एलईडी हेडलाइटचा निळसर पांढरा झोत जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा डोळ्यांना अधिक खुपतो, ही आपली तक्रार काल्पनिक नाही. त्यातून आपल्याकडे अप्पर-डिप्परचा शिष्टाचार पाळणारे थोडेच. काचबिंदू याहून फसवा. त्यात समोरची नजर शाबूत राहते आणि कडेची नकळत झिजते. डावीकडून येणारा सायकलवाला "अचानक कुठून तरी" आल्यासारखा वाटतो. चष्म्याचा नंबर काढून घेतला म्हणजे ही तपासणी झाली, असे समजू नये.

आपल्याकडे कायद्याने थोडी सोय केलेली आहे. पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण केलेला परवाना एका वेळी पाच वर्षांपुरताच मिळतो, आणि चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 1ए, द्यावे लागते. स्वयंघोषणेच्या फॉर्ममध्ये एक उत्तम प्रश्न आहे: चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास चष्म्यासह, 25 मीटरवरील मोटारीची नंबरप्लेट आपल्याला वाचता येते का? बहुतेक जण न वाचताच तिथे खूण करतात. तसे न करता एखाद्या सकाळी नातवाला सोबत घ्या, समोरच्या गाडीपासून तीस-पस्तीस पावले चाला आणि वळून खरोखर वाचून पाहा. त्याच फॉर्ममध्ये रातांधळेपणाविषयीही विचारलेले असते.

नव्या गाड्यांतील उपकरणांवर किती भिस्त ठेवावी? मागे घेताना वाजणारा सेन्सर आणि ताशी 80 किलोमीटरच्या पुढे वाजणारी सूचना 2019 पासून नव्या मोटारींत सक्तीची आहे. सेन्सरच्या जोडीला मागचा कॅमेरा असेल तर आखडलेल्या मानेला मोठाच दिलासा मिळतो. काही गाड्या अडथळा ओळखून स्वतः ब्रेकही लावतात. ही सोय चांगली, पण पुसलेले पट्टे, आडवी येणारी गुरे आणि उलट्या दिशेने येणारी दुचाकी यांच्या देशात ती शेवटचा आधार म्हणून असावी, पहिला नव्हे. उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, हेही ध्यानात घ्या. मैलभर चालू राहिलेला इंडिकेटर हे पुष्कळदा कानांचे लक्षण असते. आणि टचस्क्रीनविषयी माझे मत स्पष्ट आहे. पूर्वी पंख्याचे बटण न पाहता हाताला सापडत असे. ताशी 60 च्या वेगात दोन सेकंद पडद्याकडे पाहिले तर 33 मीटर रस्ता न पाहता ओलांडला जातो. गाडी निवडताना खरीखुरी बटणे असलेली निवडा.

वयाचा एखादा आकडा ठरवून किल्ली काढून घ्यावी, असे मला वाटत नाही. ऐंशीचे कित्येक जण दिवसा, ओळखीच्या रस्त्यांवर उत्तम गाडी चालवतात. त्यांनी रात्र, मुसळधार पाऊस आणि महामार्ग सोडला तरी पुरे. घरच्यांनी वाद घालण्याआधी महिन्यातून एकदा शेजारच्या आसनावर मुकाट्याने बसावे आणि पाहावे: गाडीवर नवे ओरखडे आहेत का, ओळखीच्या चौकात गोंधळ होतो का, मागचे लोक वारंवार हॉर्न वाजवतात का. बोलायचे ते एकट्याने, सावकाश. साऱ्या कुटुंबाने घेरून नव्हे.

अण्णांशी बोलावे लागले नाही. दवाखान्यातून परतताना रिक्षात ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो धागा त्याने खरंच टेकवला होता ना गं?"

"हो अण्णा. चार वेळा."

घरी आल्यावर त्यांनी भावाला हाक मारली आणि किल्ली मागितली. भावाने ती चाचरतच दिली. अण्णांनी गाडीतून आपला जुना गॉगल, आईचा फोटो आणि टायरची हवा मोजण्याचे यंत्र काढून आणले, आणि किल्ली खुंटीवर अडकवली. त्या रात्री पार्किंगच्या भिंतीविषयी आणि बसच्या मुलांविषयी ते प्रथमच बोलले.

आता गल्लीच्या तोंडाशी उभा असणारा एक रिक्षावाला त्यांना मंगळवारी बँकेत आणि शनिवारी मित्रांकडे नेतो. गाडीचा विमा, सर्व्हिसिंग आणि पेट्रोल यांचा वर्षाचा खर्च अण्णांनी वहीत मांडला, त्याला बारांनी भागले, आणि शेजारी रिक्षाचे भाडे लिहायला सुरुवात केली. तीन महिन्यांची बेरीज अजून निम्म्यावरही गेलेली नाही. परवान्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. तो अजून त्यांच्या पाकिटातच आहे.