एका बोदोनीतले अनेक बोदोनी

इटलीतल्या पार्मा शहरात १८१८ साली दोन खंडांचा एक ग्रंथ छापून झाला. प्रती सुमारे २५०. ‘मानुआले तिपोग्राफिको’ हे त्याचं नाव, आणि आत पानोपानी मुद्राक्षरांचे नमुने. ही अक्षरं कोरणारा जांबात्तिस्ता बोदोनी १८१३ मध्येच वारला होता. अपुरं राहिलेलं काम त्याची पत्नी मार्गेरिता हिने तडीस नेलं. यात रोमन अक्षरमालेचे १४२ नमुने आहेत. त्यांतले कित्येक आकाराने इतके जवळजवळचे, की वरवर पाहणाऱ्याला तेच ते पुन्हा छापल्यासारखं वाटावं. एवढा खटाटोप बोदोनीने का केला, हे कळलं की त्याच्या अक्षरांवर पुढे होत आलेला अन्यायही कळतो.

बोदोनी मुद्रकाचा मुलगा. जन्म १७४०चा, पिडमाँटमधल्या सालुत्सो गावचा. तरुणपणी तो रोमला गेला आणि ‘प्रोपागांदा फिदे’ या मिशनरी संस्थेच्या छापखान्यात कामाला लागला. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्याच्या हाती राजमुद्रणालय सोपवलं. सुरुवातीला तो पॅरिसचा अक्षरकार फूर्निए याचे छपाईचे खिळे वापरायचा, त्याच्या वळणाची नक्कलही करायचा. स्वतःचं वळण सापडायला वेळ लागला.

ते वळण शक्य झालं ते कागद आणि शाईमुळे. जुन्या हातकागदावर जाळीच्या तारांचे वळ उठलेले असायचे. त्यावर अतिबारीक रेघ एक तर तुटायची, नाहीतर शाई पसरून फुगायची. इंग्लंडात बर्मिंगहॅमचा मुद्रक जॉन बास्करव्हिल याने गुळगुळीत कागद, अधिक काळी शाई आणि छापलेलं पान तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबण्याची रीत आणली. बारीक रेघ कागदावर टिकू लागली. पॅरिसमध्ये अक्षरकार फर्मँ दिदो आणि पार्मात बोदोनी यांनी मग तिला टोकाला नेलं. बोदोनीचं इंग्रजी ‘ओ’ पाहा. डावी-उजवी बाजू भरदार, आणि वरखाली अगदी मध्यावर रेघ केसाएवढी. जुन्या अक्षरांत या बारीक जागांना जोडणारा अक्ष टाक तिरकस धरल्यामुळे कलता असायचा. इथे तो सरळ उभा झाला. ‘एन’चे पाय पाहा. दांड्याच्या तळाशी जी आडवी पट्टी असते, ते सेरिफ, पूर्वी दांड्यातून वळण घेत उतरायचं. बोदोनीकडे ते पातळ, सपाट आणि काटकोनात बसवलेलं आहे.

हे सगळं पोलादात कोरायचं होतं. पोलादी कांबीच्या टोकावर उलटं अक्षर कानशीने घासत आणायचं; हाच ठसा. मधूनमधून ते टोक ज्योतीवर धरायचं, काजळी चढली की कागदावर दाबायचं आणि उमटलेलं अक्षर निरखायचं. रेघ जाड वाटली तर पुन्हा कानस. मनासारखं झालं की पोलादाला पाणी द्यायचं, तांब्यात ठोकून साचा घ्यायचा आणि त्यात शिशाचा मिश्रधातू ओतून खिळे पाडायचे. आणि आकार बदलला की पहिल्यापासून नवा ठसा! छोट्या आकाराला बारीक रेघ किंचित जाड ठेवायची, अक्षर थोडं रुंद, दोन अक्षरांतली जागा थोडी सैल. मथळ्याच्या मोठ्या अक्षराला मात्र रेघ हवी तितकी नाजूक. ‘मानुआले’तल्या जवळजवळच्या नमुन्यांचं कारण हेच.

विसाव्या शतकात बोदोनी पुन्हा लोकप्रिय झाला. १९०९च्या सुमारास अमेरिकेत टंकरचनाकार मॉरिस फुलर बेंटनने त्याच्या अक्षरांचं पुनरुज्जीवन केलं. पुढे फोटोटाइपसेटिंग आलं, मग संगणक आला, आणि बहुतेक ठिकाणी एकच रेखाटन हव्या त्या आकाराला ताणलं-आकसलं जाऊ लागलं. मथळ्याचं नाजूक अक्षर नऊ पॉइंटला आणलं की बारीक रेघा नाहीशा होतात, उरते उभ्या दांड्यांची रांग, आणि डोळे दिपून जातात. मग ‘बोदोनी वाचवत नाही’ असा शेरा बसतो. मला तो अजिबात मान्य नाही. जे अक्षर बोदोनीने त्या आकारासाठी कोरलंच नव्हतं, त्याचा दोष त्याच्या माथी कसा मारायचा? १९९४ मध्ये ‘आयटीसी बोदोनी’ करणाऱ्यांनी पार्माला जाऊन मूळ ठसे पाहिले आणि सहा, बारा आणि बहात्तर पॉइंटसाठी वेगवेगळी रेखाटनं केली. त्यातलं सहाचं रेखाटन मोठं करून पाहिलं तर ते चक्क दणकट, रांगडं दिसतं. आजच्या व्हेरिएबल फॉन्टमध्ये तर आकारानुसार रेघेची जाडी बदलत नेता येते; मोफत मिळणाऱ्या ‘बोदोनी मोदा’त ही सोय आहे.

फॅशनच्या मासिकांनी बोदोनी-दिदो घराण्यातली अक्षरं फार समजून वापरली. ‘हार्पर्स बझार’ने १९९२ मध्ये नवं रूप घेतलं, तेव्हा टंकरचनाकार जोनाथन हेफ्लरने त्यांच्यासाठी दिदोच्या धर्तीवर खास टंक रचला होता, तोही वेगवेगळ्या आकारांसाठी वेगवेगळा. भोवती भरपूर कोरी जागा, कागद गुळगुळीत, शब्द मोजके: या अक्षराला एवढंच लागतं. खरखरीत कागद त्याला सोसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं काढली तर शाई आत सरकून बारीक रेघ गिळून टाकते.

आपल्याकडे मुखपृष्ठांवर आणि लग्नपत्रिकांवर बोदोनी वळणाच्या इंग्रजीशेजारी मराठी बसवायची वेळ नेहमी येते. तेव्हा काना जाड आणि शिरोरेघ केसासारखी, असं करण्याचा मोह टाळावा. देवनागरीचं वळण बोरूच्या तिरप्या कापातून आलं आहे. त्यात शिरोरेघ आणि काना दोन्ही भरीव असतात, आणि जाड-बारीकपणा वेलांटी-गोलाईंमध्ये खेळतो. शिरोरेघ विरली की शब्दाचा आधारच जातो. त्यापेक्षा जाड-बारीकपणा ठळक असलेली, पण बोरूचं वळण सांभाळणारी देवनागरी निवडावी, आणि दोन्ही ओळींचा काळेपणा छापील नमुना हातात धरून जुळवावा. पडद्यावर पाहून हे काम होत नाही.