नाव मंगळ, मग धाक कसला?

लहानपणी आत्याचे बोट धरून मंगळ बजारात जावयाचे म्हणजे आम्हां मुलांची चैनच असे. नाव मंगळाचे, गर्दी मात्र रोजची! दुकानदार गुजराती, आम्ही मराठी. पण 'मंगळवार' दोघांचाही एकच.

मंगळ म्हणजे शुभ. भौम, म्हणजे भूमीचा पुत्र, आणि निखाऱ्यासारखा म्हणून अंगारक, ही त्याचीच नावे. रोमन लोकांनी या तांबड्या ग्रहाला युद्धदेव मार्सचे नाव दिले. इंग्रजांच्या 'ट्यूजडे'तही टिव हा युद्धदेवच दडलेला आहे. वारांचा क्रम होऱ्यांवरून आला. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असे एकेका तासाचे स्वामी धरीत गेले, की सोमवारच्या पहिल्या होऱ्यापासून पंचविसावा होरा मंगळाचा येतो; म्हणून सोमवारमागून मंगळवार.

आपल्या घरांत हा वार देवीचा. संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी. श्रावणात नव्या नवरीने लग्नानंतर पाच वर्षे मंगळागौर पुजावयाची आणि रात्र फुगड्या-झिम्म्यांनी जागवावयाची. आमची आत्या प्रत्येक घरच्या मंगळागौरीला फुगडीत पुढे असे. तिची स्वतःची मंगळागौर मात्र कधी झाली नाही. पत्रिकेत मंगळ निघाला आणि तीन स्थळे परत गेली. पुढे ती शाळेत गणित शिकवू लागली.

एकदा तिनेच मला हिशेब घातला. "पहिले, चौथे, सातवे, आठवे, बारावे, अशी बारांपैकी पाच स्थाने मंगळाची. मग शंभरांत किती?" मी म्हटले, "सुमारे बेचाळीस." ती हसून म्हणाली, "अरे, मग निम्मे गाव माझ्याच पंगतीचे की!" त्या हसण्यामागचे मला तेव्हा कळले नाही.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी भारताचे मंगळयान निघाले. तो वार मंगळवारच होता. ते पाहावयास आत्या नव्हती.

यंदा नातीला स्थळ सांगून आले. मंडळी चांगली, पण चहा होताच पत्रिकेची गोष्ट निघाली. मी कपाटाकडे न जाता कागद-पेन्सिल घेतली आणि आत्याचा हिशेब त्यांच्यापुढे मांडला. क्षणभर कोणी बोलेना. मग मुलाची आजी हळूच म्हणाली, "आमचाही मंगळाचाच आहे हो!"

पत्रिका कपाटातच राहिली.