वाढते कुटुंब आणि सरकारी घर

टिळकवाडीतील जुन्या कौलारू घरांकडे नीट पाहिले म्हणजे ध्यानात येते, की त्यांतली पुष्कळशी एका दमात बांधलेली नाहीत. थोरल्याचे लग्न ठरले तशी मागल्या अंगास पडवी निघाली, पुढे त्या पडवीची खोली झाली, धाकट्याच्या वेळी वर माडी चढली. जागा स्वतःची आणि परस मोठे, त्यामुळे माणसे वाढली तसे घरही वाढले. ज्यांचे घर सरकारी योजनेतून आले आहे त्यांची गोष्ट निराळी. त्यांचे कुटुंब वाढते. घर मात्र मंजुरीच्या कागदावर लिहिले असेल तेवढेच राहते. आमच्या न्यासाकडे सल्ल्यास येणाऱ्या मंडळींत "आता मोठे घर मिळेल काय?" असे विचारणारे बरेच असतात. ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

निपाणीच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. आईने सारा जन्म विडी वळून संसार केला. विडी कामगारांसाठी असलेल्या अनुदानातून तिला दोन खोल्यांचे घर झाले, त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले. तेव्हा घरात चार माणसे होती. आज दोन मुले, एक सून, तीन नातवंडे आणि ती स्वतः, अशी सात आहेत. थोरली नात दहावीला आहे व रात्री अभ्यासाला शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसते. मोठ्या घरासाठी त्यांनी अर्ज केला. तो "पूर्वी लाभ घेतला आहे" एवढ्याच शेऱ्यानिशी परत आला. पुढे काय करावे हे कोणी सांगितले नाही.

शेरा कठोर वाटला तरी नियमाला धरूनच होता. आपल्याकडे सरकारी घर हे एकवार द्यावयाचे साहाय्य समजले जाते. शहरी भागासाठी 2024 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तर अट स्पष्टच आहे, की मागील 20 वर्षांत कोणत्याही सरकारी योजनेतून घर घेतलेल्यास पुन्हा लाभ नाही. शिवाय पात्रता ठरते ती उत्पन्नावरून. वर्षाला 3 लाखांपर्यंत मिळकत असलेला एका गटात, 6 लाखांपर्यंतचा दुसऱ्यात, 9 लाखांपर्यंतचा तिसऱ्यात. घरात निजावयाला माणसे किती, हा प्रश्न ह्या वर्गवारीत कोठेच येत नाही. सरकारी नोकरांच्या निवासांतही हाच न्याय. तेथे घराचा प्रकार पगाराच्या पातळीवरून ठरतो. शिपायाला सहा मुले असोत आणि साहेबाला एक, मोठा बंगला साहेबाचाच!

सर्व देशांत असे नाही. विलायतेत नगरपालिकांची भाड्याची घरे असतात व घरातील दाटी कायद्याने मोजतात. तेथील 1985 च्या गृहनिर्माण कायद्याप्रमाणे पतिपत्नी नसलेल्या, दहा वर्षांवरील स्त्री व पुरुष यांस एकाच खोलीत निजावे लागत असेल, तर ती अतिदाटी ठरते. त्या आधारावर कुटुंब मोठ्या घराच्या बदलीसाठी नाव लावू शकते. प्रतीक्षा फार लांबते ही गोष्ट वेगळी. पण मागणीला निदान नाव आहे. सिंगापुरात सरकारने बांधलेले घर पाच वर्षे राहिल्यानंतर विकून मोठे घेता येते. आपल्याकडे ह्या दोन्ही वाटा रुळलेल्या नाहीत.

मग आपल्या लोकांनी काय केले? मुंबईच्या बीडीडी चाळींकडे पाहावे. खानापूर, चंदगड, निपाणीकडील कित्येक घरांचा कोणी ना कोणी मुंबईला गिरणीत होता, त्यामुळे ह्या चाळी आपल्यालाही परक्या नाहीत. 1920 नंतरच्या काही वर्षांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविला होता. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी मिळून 207 इमारती. दर इमारतीत 80 खोल्या आणि दर खोली सुमारे 160 चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. ह्या 160 फुटांत आजोबा, मुलगा व नातू अशा तीन पिढ्या नांदल्या. पोटमाळा घालावा, पलंगाखाली एक अंथरूण व वर एक करावे, पुरुषमंडळींनी व्हरांड्यात निजावे, पाळीपाळीने जेवावे. मोठ्या खोलीचा अर्ज करावयाचा तर तो कोणाकडे? तशी खोलीच नव्हती.

ती वाढ झाली तेव्हा कुटुंब वाढले म्हणून झाली नाही, इमारती जीर्ण झाल्या व खालच्या जमिनीला मोल आले म्हणून झाली. म्हाडामार्फत पुनर्विकास ठरला, प्रत्येक पात्र भाडेकरूस 500 चौरस फुटांचे घर मालकीने द्यावयाचे ठरले आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांस किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी का होईना, घर तिप्पट झाले. आम्हांला त्याचा आनंदच आहे. परंतु तेथेही दोन माणसांस 500 आणि दहांसही 500 हेच माप आहे. गिरणी कामगारांसाठी 2012 साली जी पहिली मोठी सोडत निघाली, तीतली घरे 225 फुटांची होती. एका कामगाराला एक घर. त्याचे मुलगे किती, हे कोणी विचारले नाही.

ह्यावरून आमच्या वाचकांनी एक गोष्ट मनाशी धरावी. "मोठे घर द्या" असा अर्ज करण्यापेक्षा "दुसऱ्या कुटुंबाला घर द्या" असा अर्ज करणे अधिक उपयोगाचे. योजनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुले. एकत्र कुटुंबाचा अभिमान आम्हांलाही आहे, पण सरकारी कागदावर लग्न झालेला मुलगा हे वेगळे कुटुंब आहे आणि तो स्वतःच्या नावे अर्ज करू शकतो. त्याच्या वा पत्नीच्या नावावर देशात कोठेही पक्के घर नसावे, ही मुख्य अट. आईवडिलांनी पूर्वी लाभ घेतला असेल तर इतरांना आधी क्रम मिळू शकतो, हे धरून चालावे. घर पत्नीच्या नावे किंवा दोघांच्या नावे होते, तेव्हा सुनेचे कागद आधी नीट करावेत. पुष्कळ सुनांचे आधारपत्रावरील नाव माहेरचे, शिधापत्रिकेवर सासरचे व बँकेत तिसरेच असते. अर्ज अडकण्याचे एवढे कारण पुरते.

येथे एक चूक वारंवार होताना आम्ही पाहतो. वडील वारले की भावकीत कुरबुर नको म्हणून लहानशा घराच्या उताऱ्यावर सर्व मुलांची नावे चढवितात. हेतू चांगला; परंतु त्यामुळे चौघेही एका पक्क्या घराचे भागीदार ठरतात आणि पुढे प्रत्येकाच्या अर्जावर शंका निघू शकते. वारसनोंद टाळा असे आम्ही म्हणत नाही. नोंद करण्यापूर्वी माहीतगारास विचारावे, एवढेच.

ज्याची स्वतःची जागा आहे त्याला वाढीव बांधकाम ही सर्वांत स्वस्त वाट. 2015 च्या शहरी योजनेत 21 चौरस मीटरपर्यंतच्या अपुऱ्या घरास किमान 9 मीटरांची भर घालून ते 30 मीटरपर्यंत नेण्याची सोय होती. फार थोड्यांना ती ठाऊक होती. आमच्यापैकीही कित्येकांना ती उशिरा कळली, ह्याचे वाईट वाटते. नऊ मीटर म्हणजे सुमारे शंभर चौरस फूट, एक खोली. मुलीच्या अभ्यासाला तेवढी पुरते.

निपाणीच्या त्या बाईंचे घर त्यांच्या एकटीच्या नावावर आहे, हे त्यातल्या त्यात बरे झाले. थोरला मुलगा व सून यांच्या नावे निराळा अर्ज तयार करून दिला आहे; सुनेच्या नावाच्या दुरुस्तीसाठी दोन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेस काम झाले. अर्ज दाखल होऊन पोच मिळाली आहे, यादी अद्याप लागलेली नाही. तोवर धाकट्याने पुढच्या खोलीत फळ्यांचा पोटमाळा घातला असून नातीची पुस्तके आता तेथे आहेत.