सूट कशावर मिळते?

बीडच्या जालना रोडवरच्या एका मार्टमध्ये मागच्या खोलीत बसायची परवानगी मालकांनी दिली. अट एकच होती, दुकानाचं नाव कुठे येऊ द्यायचं नाही. ग्राहकाला दिसतात ते चकचकीत रॅक आणि पिवळ्या पाट्या. पाट्यांवरचे आकडे जन्माला येतात ते मात्र या मागच्या खोलीत. तिथे कट्टे रचलेले, मधोमध पत्र्याचं टेबल, वजनकाटा, पिशवीचं तोंड चिकटवायचं यंत्र आणि चार बायका.

तूरडाळीचा कट्टा उसवला की आधी एकजण ओंजळभर डाळ ताटात पसरून बघते. खडा, सालपट, तुकडा. मग डाळ चाळणीवरून टेबलावर. दुसरी मापानं पिशवीत ओतते, काट्यावर चिमूटभर टाकते किंवा काढते, तिसरी तोंड चिकटवते, चौथी स्टिकर लावते. हात इतके सवयीचे की बोलणं थांबत नाही. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या बोअरचं पाणी, सगळं त्याच लयीत चाललेलं. स्टिकरवर वजन, पॅकिंगची तारीख, परवाना क्रमांक आणि एमआरपी. ही एमआरपी कोण ठरवतं, असं विचारल्यावर स्टिकरवाल्या मावशी म्हणाल्या, "आकडा पुढून येतो बघा. आमी निस्तं चिकटवायलोय."

सगळी गोम इथेच आहे. पुडक्यावर कमाल किंमत छापायची सक्ती आपल्याकडे 1990 साली आली. त्या किमतीच्या वर विकता येत नाही, एवढंच कायदा सांगतो. ती किंमत मुळात किती असावी, याचं बंधन बहुतेक मालाला नाही. चहा, बिस्किटं, मीठ यांची एमआरपी कंपनी ठरवते आणि ती बहुधा सगळीकडे सारखीच असते, म्हणून तिच्यावर मिळालेले चार रुपये खरे चार रुपये असतात. दुकानानं स्वतः भरलेल्या डाळीची, खोबऱ्याची, काजूची एमआरपी मात्र दुकानच ठरवतं. समजा 160 ला विकायची डाळ आहे. तिच्यावर 220 छापले की पाटीवर 60 रुपयांची सूट आपोआप उगवते. यात बेकायदा काही नाही. मालकही लपवत नव्हते, हसून म्हणाले, "सूट दिसली नाही तर गिऱ्हाईक रॅकपुढं थांबतच नाही."

त्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. पवईत 2002 साली डी-मार्टचं पहिलं दुकान निघालं आणि पुढे ते सगळ्या मार्टवाल्यांचं गुरुकुल झालं. पण डी-मार्टचं गणित वेगळं. शक्यतो जागा स्वतःची, म्हणजे भाड्याचा बोजा नाही; पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात खरेदीचा दर पाडून घ्यायचा; मोजका माल ठेवायचा आणि तो झपाट्यानं फिरवायचा. तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणच्या मार्टवाल्याला यातलं तिसरंही धड जमत नाही. तो लातूर, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल आणतो. मग साखरेवर काही न कमावता गिऱ्हाईक आत ओढायचं आणि बदाम-मसाल्यावर भरून काढायचं, हाच मार्ग उरतो. कारखान्यातून साखर किलोला 31 रुपयांच्या खाली विकता येत नाही, हा नियम 2019 पासून आहे. त्यावर कर, वाहतूक, हमाली धरली की मार्टमधल्या ऑफरच्या साखरेत दुकानदाराला काय सुटत असेल, ते कागदावर मांडून पाहावं. साखर बेलाशक घ्यावी. फक्त 'अमुक रुपयांच्या खरेदीवर' ही बारीक ओळ आधी वाचावी, कारण साखरेत वाचलेले पैसे ती ओळ बाकीच्या सामानातून काढून घेते.

दर ताडून बघायला सरकारनं एक साधन दिलंय, पण तेही अर्धवट. 2021 साली नियम बदलले आणि पुड्यावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापायचा असं ठरलं. एक किलोच्या आतल्या पुड्यावर ग्रॅमचा दर, वरच्यावर किलोचा. परिणाम असा की अर्ध्या किलोच्या पुड्यावर '0.16' आणि दोन किलोच्या पिशवीवर '158' दिसतं, आणि माणूस रॅकपुढे तोंडी गुणाकार करत उभा राहतो. शिवाय दोन दशांशांपर्यंतच छापायचं, त्यामुळे 0.16 या आकड्यात किलोमागे 155 पासून 165 च्या काठापर्यंत काहीही मावतं. आणि हा दर एमआरपीवरून काढलेला असतो, पिवळ्या पाटीवरच्या दरावरून नव्हे. म्हणून मोबाइल काढून बिलाची खरी रक्कम भागिले वजन करावं. मला तरी दुसरा भरवशाचा उपाय दिसलेला नाही.

त्याच दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट केली. बिस्किटं, चहा, तेल अशा मालाला ठरावीक वजनाच्या पुड्यांचं बंधन होतं, ते गेलं. ते कसं दिसतं, हे बघायला तेलाच्या रॅकपुढे अर्धा तास उभं राहावं. एक लिटरच्या पिशवीशेजारी हुबेहूब तशीच दिसणारी 850 मिलीची पिशवी असते. समजा लिटरची 140 ला आणि 850 ची 122 ला आहे. हात 122 कडे जातो. हिशेब केला तर लहान पिशवी लिटरला साडेतीन रुपयांनी महाग पडते. तिसरी पिशवी ग्रॅममध्ये असते, आणि एक लिटर सोयाबीन तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. डब्याचंही तेच, 15 किलो आणि 15 लिटर यांत जवळजवळ दीड लिटरचा फरक पडतो. मार्टमधला मुलगा डबा हलवून "सारखाच आहे" म्हणाला, तर त्याला पत्र्यावरची ओळ वाचायला लावावी.

सोयाबीन हे आता आपल्याच जिल्ह्याचं मोठं पीक आहे. शेंग इथली, पण तेलाचा कारखाना दुसरीकडे, आणि परत येते ती रंगीत पिशवी. तरी रिफाइंड तेल मार्टमधूनच घ्यावं असं माझं मत आहे. कंपनीची पिशवी, कंपनीची एमआरपी, त्यामुळे सूट मोजता येते. फक्त 'मिश्र खाद्यतेल' असे शब्द कुठे आहेत का, ते पाहावं. अशा मिश्रणातल्या दोन तेलांपैकी प्रत्येक किमान 20 टक्के असलंच पाहिजे आणि अॅगमार्कही हवा. करडईचं तेल मात्र मार्टमध्ये शोधू नये. मराठवाडा एकेकाळी करडईचा मुलूख होता, परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम'सारखे वाण दिले. ते तेल हवं तर घाण्यावर जावं आणि जास्तीचे पैसे मोजावे.

डाळीचा मामला याच्या उलट आहे. बीड-गेवराईकडची तूर गिरणीत जाते, सालं काढून, वर पॉलिश चढून, चमकत परत येते. मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, त्याच डाळीचे तीन-चार दर्जे पोत्यांत उघडे असतात. फटका डाळ अख्खी, पिवळीधमक. खालच्या दर्जात तुकडा आणि सालपट जास्त. मूठभर घेऊन तळहातावर चोळली की पॉलिशची पावडर दिसते, दाताखाली धरली की ओल कळते. पुड्यातल्या डाळीची ही परीक्षा होत नाही. त्यात 18 जुलै 2022 पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्ट्यावर नाही. म्हणजे वर्षाची डाळ भरणारं घर मोंढ्यात पाच टक्के आधीच वाचवून बसतं. शाळू, बाजरी, हरभरा, शेंगदाणे, गूळ, लाल मिरची यांनाही माझा हाच नियम. जे आपल्या शिवारात पिकतं, ते रॅकवरून घेऊ नये. ओळखीच्या शेतकऱ्याकडून घरची बदनापूरची पांढरी तूर मिळाली तर प्रश्नच मिटला.

जे इथे पिकत नाही, ते मार्टमधून खुशाल घ्यावं. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो, पोहे-तांदूळ बाहेरचे, चहा आसामचा. यांत मोंढ्यातल्या दुकानदाराचा भाव मार्टपेक्षा फार कमी नसतो. चहाच्या किलोच्या पुड्यावर पाव किलो फुकट असेल, तर ती खरी ऑफर समजावी.

एका जिनसेबाबत सुट्ट्या मालाचा माझा हट्ट मी सोडतो, ती म्हणजे भगर. नवरात्र, महाशिवरात्र आली की भगरीच्या भाकरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून येतात. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर, त्याहून जास्त तिच्या पिठावर, अॅस्परजिलस जातीची बुरशी चढते आणि तिचं विष भाजल्यानं जात नाही. अन्न व औषध प्रशासन दरवेळी बजावतं की सुटी भगर आणि तयार पीठ घेऊ नका, पॅकबंद भगर तारीख बघून घ्या, धुऊन, वाळवून, लागेल तेवढीच दळा. इथे पाच टक्के कराचा विचार करणं चुकीचं आहे. मार्टमधूनही भगरच घ्यावी. 'उपवास भाजणी' म्हणून शेजारी ठेवलेलं पीठ तिथेच राहू द्यावं.

एप्रिल-मेमध्ये 'एकावर एक फ्री' फार बोकाळतं. फरसाण, चिप्स, खाकरे, काजू. पुड्यावर छापलेलं असतं, थंड व कोरड्या जागी ठेवा. बीडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात थंड जागा कुठली? तारीख संपलेली नसते, पण तेल तापून तापून खवट झालेलं असतं. रॅक लावणाऱ्या पोराला शिकवलेलं असतं की जुना माल पुढे, नवा मागे. मी मागे हात घातला तेव्हा तो काही बोलला नाही, उलट पुढचे दोन पुडे बाजूला सरकवून त्यानं वाट करून दिली. फरसाण मोंढ्यातल्या कढईवरचं घ्यावं. बिस्किटांना मात्र हे एवढं लागू नाही, आणि सप्टेंबर 2025 पासून त्यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या एमआरपीचा पुडा असेल तर बिलात कपात झाली का, एवढं बघावं.

पेयांच्या रॅकवर मी फार वेळ घालवत नाही. 'फ्रूट ड्रिंक' म्हणायला फळाचा रस 10 टक्के असला तरी नियमाला पुरतो, लिंबाच्या पेयाला 5 टक्के. बाकी पाणी आणि साखर. पाण्या-साखरेवर 30 टक्के सूट घेऊन करायचं काय? फ्रीजरमध्ये सीताफळाच्या चित्राचा डबा दिसला. खाली बारीक अक्षरांत 'फ्रोझन डेझर्ट', म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल. 2016 साली ज्या जिल्ह्याच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे हे विकलं जातं. ऑक्टोबरात त्याच मार्टच्या बाहेर बालाघाटाच्या डोंगरातल्या बायका खरी सीताफळं पाट्यांत घेऊन बसतात. दिवाळीत आणखी एक गंमत असते. तुपाच्या बरण्यांना खेटून निम्म्या दरात 'पूजेचं तूप' मांडलेलं असतं. ते खायचं नसतं, हे डब्यावर लिहिलेलं असतं. पण कुठल्या बाजूला, ते शोधावं लागतं.

हा सगळा हिशेब खिशात रोख असणाऱ्याचा आहे. बीडमध्ये पैसा महिन्याच्या एक तारखेला येतोच असं नाही. तो सोयाबीन-कापूस विकल्यावर येतो, नाही तर ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल म्हणून येतो. मधले महिने किराणा दुकानदाराच्या वहीवर निघतात. वहीवरची साखर दोन रुपयांनी महाग असते, पण ती आषाढात मिळते. मार्टच्या काउंटरवर वही नाही. म्हणून पेठेतली लहान दुकानं मार्ट येऊनही बंद पडली नाहीत.

दसरा झाला की मात्र मार्टचं चित्र पालटतं. उचल हातात पडलेली असते आणि कोल्हापूर-सांगलीकडे निघायच्या आधी कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड जोडप्यांची, खरेदी असते. वडवणीकडचे एक मुलगा, सून आणि सासूबाई ट्रॉली भरत होते. धान्य त्यांनी घरूनच बांधलं होतं, ज्वारी-बाजरीच्या रॅककडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. घेतलं ते मीठ, साखर, तेलाच्या पिशव्या, हळद, साबण, आणि चहाचे, शाम्पूचे, बिस्किटांचे लहान पुडे माळांनी. किलोचा चहा ऑफरमध्ये होता, तो मी सुनेला दाखवला.

"नको," ती म्हणाली. "कोपीत पावसाची गळ लागती. मोठा पुडा फोडला की अख्खा सादळतो. ह्यो येक फोडायचा, संपवायचा."

मी तिच्या माळांचं वजन आणि दर फोनवर भागून पाहिले. चहा लहान पुड्यांत थोडा महाग पडत होता. शाम्पूच्या पुड्या बाटलीपेक्षा स्वस्त होत्या, आणि पाच-दहा रुपयांची बिस्किटं ऑफरच्या मोठ्या पुड्याहून ग्रॅमला कमीच. पाच-दहाच्या नाण्याला बांधलेल्या मालात कंपन्यांची चुरस सगळ्यांत कडवी असते, म्हणून असं होतं. सासूबाईंनी तोवर तेलाच्या पिशव्या उलट्या करून एकेक दाबून पाहिली, गळकी एक परत रॅकवर ठेवली आणि मुलाला म्हणाल्या, "मिठाचे आनकी दोन घे. तिकडं म्हाग देत्यात."